दार घेऊन चाललेला माणूस

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बडनेऱ्याच्या आमच्या घरात शाळेचं पुस्तक यायच्या आधी पत्रकं आली होती. वडील रेल्वेत नोकरीला होते आणि ड्युटी संपली की पत्रकं लिहीत. पाण्याच्या टाकीबद्दल, वस्तीच्या रस्त्याबद्दल, मुलांची शिष्यवृत्ती अडवून ठेवणाऱ्या कार्यालयाबद्दल. वाटून उरलेली पत्रकं घरात पडून असत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवत असे. मी वाचलेला पहिला पूर्ण शब्द 'निषेध' होता, असं आई अजूनही पाहुण्यांना सांगते आणि वर म्हणते, "तवापासून थांबलीच नाही."

अशा घरात वाढलेल्या मुलीला कुणाच्या पाया पडता येत नाही. हार घालायला लागलं तर माझे हात जड होतात. तरीही मी आज एका नटाचं कौतुक करायला बसले आहे, आणि त्यात मला काहीच अडचण वाटत नाही. कौतुक हेही ठाम भूमिका घेऊन करायचं काम आहे. ज्यांना ते जमत नाही ते सत्कार करतात.

हे नट आता सत्तरी ओलांडलेले आहेत. बाळापूर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातले. पोटासाठी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर झाले, निवृत्तीपर्यंत अकोल्यातून गाड्या केल्या, आणि सुट्टी मिळेल तेव्हा नाटकं केली. अकोल्यात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मी काकाजी म्हणते. त्यांनी भूमिका पुष्कळ केल्या, पण वऱ्हाड त्यांना ओळखतं ते एका एकपात्री नाटकामुळे. एका माणसाचं घर बांधून झालं आहे. भिंती उभ्या आहेत, वर टिनं चढली आहेत, फक्त दार राहिलं आहे. तो अकोल्याच्या बाजारातून दार घेतो आणि पाठीवर टाकून पायी गावाकडे निघतो. नाटक एवढंच. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक त्याला अडवतात. कुणी विचारतो, तोंड कोणीकडे ठेवणार. कुणी ते वाजवून बघतो. एक शिपाई म्हणतो, हे कुणाच्या घरचं काढून आणलंस ते सांग.

रंगमंचावर दुसरं काहीही नसतं. दार मात्र खरं असतं, चांगलं जाड लाकडाचं. सुरुवातीला ते पाठीवर सहज बसतं. पुढे त्यांचा एक खांदा खाली येतो, मग मान तिरकी होते, आणि शेवटच्या गावापर्यंत बघणाऱ्याची पाठ दुखायला लागते. मी हे नाटक इतक्या वेळा पाहिलं आहे की मोजदाद सोडली. पाठ दर वेळी दुखते.

पण त्यांची खरी किमया थांबण्यात आहे. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला समोरच्यानं 'मंग?' म्हणावं लागतं. ऐकणारा गप राहिला तर सांगणारा विचारतो, झोपला का बे? घरातली ही रीत काकाजींनी जशीच्या तशी नाटकात घेतली. काही जागी ते दार उभं करतात, त्याला टेकतात आणि थांबतात. प्रेक्षकांतून कुणीतरी 'मंग?' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही. ते मागत नाहीत, खुणावत नाहीत. आणि आलेला 'मंग' कसा आहे त्यावर पुढचं गाव ठरतं. आवाज पेंगुळलेला असला तर ते गाव दोन वाक्यांत उरकतात. आवाजात चेष्टा असली तर त्या गावात हटकून भांडण होतं. हा कान त्यांना गाडीनं दिला. पुढे उभं राहून, मान न वळवता, मागच्या बाकावर कोण तिकीट न काढता बसलं आहे हे त्यांना आवाजावरून कळायचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या वस्तीत, बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत. मी प्राथमिक शाळेत होते. वस्तीतल्या मुलांनी वर्गणी न मागता, घरोघरच्या सतरंज्या आणि कुणाच्या तरी लग्नातला उरलेला मांडव वापरून तो प्रयोग ठेवला होता. नाटकात मध्येच दारवाला एका गावाच्या कडेला, आमच्यासारख्याच वस्तीत दम खायला थांबतो. एक म्हातारी त्याला पाणी आणून देते. ती दारावरून हात फिरवते आणि विचारते, "बापू, या दारातून मले आत येता येईन का?"

काकाजी दाराला टेकले आणि थांबले.

तोवर प्रत्येक थांब्याला 'मंग?' पटकन आला होता. पोरं तर शर्यत लावून म्हणत होती. इथं कुणी बोललं नाही. तो प्रश्न आमचाच होता, त्यामुळे पुढचं आम्हाला आमच्या तोंडानं मागायचं होतं. शेवटी माझी आई बोलली. वडिलांनी किती आग्रह केला तरी सभेत कधी दोन शब्द न बोलणारी आई. ती म्हणाली, "मंग?"

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. "मंग काय, माय. मी पाणी पेलो. दार उचललं. अन् चाललो."

वडील भडकले. प्रयोग संपताच ते पडद्यामागं गेले आणि मी त्यांच्या मागं. काकाजी अंगातून काढलेला शर्ट पिळत होते.

"भाऊ, त्या माणसानं 'ये माय' म्हणाले पाह्यजे होतं," वडील म्हणाले.

"म्हटलं असतं त टाळ्या पडल्या असत्या. खरं का नाही?"

"पडल्याच असत्या."

"अन् लोकं टाळ्या वाजवून घरी गेले असते. आता तुमी जाऊन झोपान का?"

"मी नाही झोपत. मी पत्रक काढतो तुमच्यावर."

"काढा ना. काय झालं पाह्यजे ते तुमी लिहा. काय होते ते मी सांगतो."

वडिलांनी खरंच पत्रक काढलं. नाटकानं वाट दाखवली पाहिजे, नुसती जखम दाखवून नट मोकळा होऊ शकत नाही, असा सगळा दणका होता. पुढे दोघं बडनेऱ्याच्या स्टँडवर भेटले तेव्हा काकाजी म्हणाले, "तुमचं पत्रक गाडीत मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्ध्या गाडीले पटलं, अर्धी माह्या बाजूनं. बाळापूर येईपर्यंत भांडण चाललं. उतरणारे उतरतच नव्हते." वडिलांना याहून मोठी पावती कधी मिळाली नाही. त्या दिवसापासून ते काकाजींचे मित्र झाले, मतं तीच ठेवून. मला दोघंही बरोबर वाटत आले आहेत, आणि यात मला कधी कोंडी झाल्यासारखं वाटलं नाही. पत्रक लिहिणाऱ्यानं काय व्हावं ते लिहावं आणि नटानं खोटं बोलू नये. दोन्ही कामं कष्टाची आहेत.

गेल्या हिवाळ्यात अकोल्यात काकाजींचा नागरी सत्कार ठरला. खास त्यासाठी समिती झाली होती. नवं सभागृह, गार हवा, मऊ खुर्च्या. मी बडनेऱ्याहून गेले आणि मला माडीवर मागे जागा मिळाली. काकाजींना फेटा बांधून एका सिंहासनासारख्या खुर्चीत बसवलं होतं. ते तिच्यात अवघडून बसले होते, गाडीत लेडीज सीटवर बसलेल्या पुरुषासारखे. भाषणं सुरू झाली. एकानं त्यांना तपस्वी म्हटलं, दुसऱ्यानं ऋषितुल्य, तिसऱ्याला त्यांच्या बोलीत मातीचा सुगंध आला. भाषणात माती आली की मी पिशवी आवरायला घेते, पण त्या दिवशी नंतर नाटक होतं म्हणून बसून राहिले.

भाषणं संपायला घंटाभर गेला. मग निवेदक माइकवर आला. "आता आपण ज्याची वाट पाहत होतो तो प्रयोग. सर्वांना नम्र विनंती, मोबाईल बंद ठेवावेत, संपूर्ण शांतता राखावी, आणि एका ज्येष्ठ कलावंताचा मान राखावा."

मला तिथंच कळायला हवं होतं की काय होणार आहे. बाकी कुणालाही ते कळलं नाही. वऱ्हाडातल्या माणसांना गप बसायला सांगणं कठीण, पण कुणाच्या तरी मानासाठी गप बसा म्हटलं की ती मनापासून गप बसतात.

पहिल्या गावाशी काकाजी दाराला टेकले आणि थांबले. सभागृह शांत होतं. अदबीनं, हात मांडीवर ठेवून, डोळ्यांत कौतुक घेऊन शांत. मी माडीवरून म्हटलं, "मंग?"

पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. जाकीट घातलेल्या एका गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवलं. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता वाकून माझ्याजवळ आला.

"मॅडम, प्रयोग चालू आहे."

"माहीत आहे. म्हणूनच म्हटलं."

"मग जे म्हणायचं ते बाहेर जाऊन म्हणा."

मी आणखी एकदा म्हटलं, मोठ्यानं. तो आवाज काकाजींपर्यंत शब्द म्हणून पोचला असेल असं मला वाटत नाही. खाली काकाजी उभे होते. त्यांनी मान थोडी वळवली. त्यांचा डावा हात कानाशी गेला. डाव्या कानाला वर्षभरापासून कमी ऐकू येत होतं, हे आम्हा जवळच्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी हात खाली घेतला, दार उचललं आणि चालायला लागले.

त्यानंतर ते कुठंच थांबले नाहीत. गावं धावत्या गाडीतून बघावीत तशी मागे गेली. म्हातारीनं प्रश्न विचारला आणि त्याच श्वासात त्यांनी पाणी पिऊन दार उचललं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जे असतं तेच नाटक होतं, आणि ते उरलं नव्हतं. शेवटी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. टाळ्या त्यांना दिसत होत्या.

मी आत भेटायला गेले तेव्हा ते फेटा मांडीवर घेऊन बसले होते. भोवतीच्या लोकांना ते सांगत होते, "बस झालं आता. कान गेले. माणूस बोलला का नाही तेच समजत नसन त कायचं नाटक?" समितीच्या लोकांना हे फारच शोभून दिसलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की सत्काराच्या मंचावरच ज्येष्ठ कलावंतानं आपल्या प्रवासाची सांगता केली. एका माणसाचं नाटक बंद पडलं होतं आणि बातमीत फोटो हसरा होता.

दोन दिवसांनी मला नांदगाव खंडेश्वरहून फोन आला. तिथल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मीच काकाजींचा प्रयोग ठरवून दिला होता. वाचनालयाचे सचिव म्हणाले, "ताई, भाऊचा निरोप आला, नाही जमत म्हणून. तुमीच आणला होता, तुमीच पाहा." मी अकोल्याला गेले.

दार काकूंनी उघडलं. नाटकातलं दार व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवलेलं होतं आणि त्यावर टॉवेल वाळत घातला होता.

"ये माय," काकू म्हणाल्या. "पाहाय बाप्पा, तुयं ऐकते का. माह्यं त ऐकत नाही."

"ऐकत नाही का ऐकू येत नाही?"

"लग्न झालं तवापासून ऐकत नाही. कान त आता गेले."

काकाजी आत उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"काहून आली?"

"भांडाले."

"बस मंग. शेंगा खाय, मंग भांड."

मी लांबड लावली नाही. "काकाजी, तुमचे कान नाही गेले. त्या दिवशी कोणी 'मंग' म्हटलंच नाही. लोकं गप होते."

"आकोल्याचे लोकं गप?" ते हसले. "अवं, आकोल्याचा माणूस मयतीत बी गप नाही राहत."

"मी माडीवरून म्हटलं त मले बाहेर काढून राह्यले होते."

"मन राखून राह्यली तू माह्यं."

"आमच्या घरी मन राखाची सवय नाही. माह्या बापानं तुमच्यावर पत्रक काढलं होतं."

हे त्यांना पटलं. पटलं ते मला दिसलं, कारण त्यांनी शेंग सोलणं थांबवलं. पण चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं तसं झालं नाही. उलट तो उतरला.

"असं असन त मंग बंदच केलं पाह्यजे," ते म्हणाले. "कान गेले असते त दोष माह्या वयाचा होता. म्हातारा झालो, कान गेले, घरी बसलो. पण लोकं गप बसून राह्यले म्हणते तू. मंग मी थांबू कोनासाठी? त्यापरीस कान गेलेले बरे होते."

मी खरं सांगायला गेले होते, आणि खऱ्यानं माझंच काम बिघडवलं. मग मला सत्कारातली ती खुर्ची आठवली.

"लोकं तुमच्यासाठी गप नाही बसले," मी म्हटलं. "थे ऋषीसाठी बसले. घंटाभर तुमाले ऋषी म्हणत होते. ऋषीले कोण 'मंग' म्हणन?"

"ऋषी," काकू आतून म्हणाल्या. "आंघोळीले उठवा लागते ऋषीले."

काकाजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. "नांदगावले येतो. नाटक करीन का नाही थे तठीच पाहू. शब्द देल्ला आहे, फोनवर नाही म्हणणं चांगलं नाही दिसत. पण सत्कार नको. भाषण नको. शांतता राखा नको."

यातली पहिली अट पाळणं सगळ्यात अवघड गेलं. सचिवांना मी समोर जाऊन सांगितलं तेव्हा त्यांना घाम फुटला.

"ताई, शाल आणून झाली."

"परत करा."

"शाल परत नाही घेत दुकानदार."

"मग तुम्ही पांघरा."

"अन् नारळ? पाहुण्याच्या हाती नारळ देल्ला नाही त गाव काय म्हणन आमाले?"

"चटणी करा. पाहुण्याला जेवायला घाला."

त्यांना मी उद्धट वाटले असणार. मी उद्धटच होते. माणसाला शालीत गुंडाळून निरोप देण्याची जी पद्धत आपण आदर म्हणून चालवतो, तिच्याशी नम्रपणे बोलण्याची मला गरज वाटत नाही. जिवंत कलावंताशी वाद घाला, त्याचं नाटक चुकलं तर तोंडावर सांगा, त्याच्या नाटकात बोला. हा आदर मला कळतो.

माझ्या सवयीप्रमाणे मी एक पत्रक लिहिलं. या नाटकात प्रेक्षकांनी बोलायचं असतं, नट थांबला की पुढचं मागायचं असतं, गप बसू नका. वडिलांनी त्यातला 'थोर' हा शब्द खोडला आणि म्हणाले, आता छाप. अमरावतीत पिवळ्या कागदावर छापून मी गठ्ठा घेऊन नांदगावला पोचले. काकाजी छोट्या टेम्पोतून आले, दार मागे दोरीनं बांधलेलं. उतरल्या उतरल्या त्यांनी एक पत्रक घेतलं, लांब धरून वाचलं आणि गठ्ठ्यावर परत ठेवलं.

"हे नाही वाटाचं."

"काहून?"

"सांगून म्हटलेला 'मंग' मले नको. पोरं पाढे म्हणतात तसा येईन तो."

"लोकाले सांगितलंच नाही त समजन कसं?"

"नाही समजलं त मले समजन," ते म्हणाले. "मंग मी दार घरी नेऊन लावतो. काकूच्या न्हाणीले दार नाही बरोबर. अन् आयक, तू बी 'मंग' नाही म्हणाचं. तोंड बंद."

छापलेलं पत्रक न वाटता ठेवून देणं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. मला राग आला. तरी मी गठ्ठा टेम्पोत सीटखाली टाकला. त्यांच्या नाटकाचा निकाल त्यांना ज्या पद्धतीनं लावायचा होता ती पद्धत चोख होती, आणि चोख गोष्टीपुढे माझा राग टिकत नाही.

प्रयोग दुपार कलल्यावर होता, धान्य उतरवण्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. पुरुष पोत्यांवर, बायका सतरंजीवर. उन्हाचा उजेड सगळ्यांवर सारखा होता, त्यामुळे काकाजींना प्रत्येक चेहरा दिसत होता. सचिव दारात शाल पांघरून उभे होते. थंडी नव्हती, पण माझा सल्ला त्यांनी मानला होता.

काकाजी दार पाठीवर घेऊन निघाले. पहिल्या गावाशी पोचले, दार उभं केलं, टेकले, थांबले.

कुणी बोललं नाही.

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठ दाबून बसले होते. मला वाटलं इथंही तेच झालं. अकोल्याची बातमी पेपरातून इथं पोचली असणार, लोक आजारी माणसाला बघायला यावं तसे आले असणार. काकाजींचा हात दाराच्या कडेवर होता. तो कानाकडे जाईल म्हणून मी त्या हाताकडेच बघत होते.

मागच्या पोत्यांवरून एक आवाज आला, फार लपवायचा प्रयत्न न करता. "बुढा इसरला वाट्टे."

"नाही बे," शेजारचा म्हणाला. "थकला."

काकाजींची मान वळली, नेमकी त्या पोत्यांकडे. "इसरलो बी नाही अन् थकलो बी नाही. तुमच्या गावचा रस्ताच असा आहे, बाप्पा. दम घेऊन राह्यलो."

शेड हसलं. नांदगावच्या रस्त्याबद्दल लोकांचंही तेच मत असावं, कारण हसू लवकर थांबेना. आणि ते थांबायच्या आत बायकांच्या बाजूनं आलं, "मंग?"

काकाजी लगेच निघाले नाहीत. गरज होती त्याहून जरा जास्त वेळ ते तसेच उभे राहिले, दाराला टेकून, गावाकडे बघत. मग त्यांनी दार उचललं, आणि मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं असं नाटक पाहिलं. शिपायाच्या गावात ते पोत्यावरच्या त्या माणसालाच शिपाई समजून भांडले. तोही बसल्या जागेवरून भांडला. नवं घर बघायला आलेल्या नातेवाइकांच्या गावात बायकांनी इतके 'मंग' दिले की काकाजींना एक भांडकुदळ आत्या तिथल्या तिथं उभी करावी लागली. दार त्या दिवशी इतकं जड दिसत होतं की पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं नकळत हात पुढे केला.

म्हातारीनं प्रश्न विचारला तेव्हा शेड गप झालं. ही शांतता अकोल्यापेक्षा वेगळी होती. लोक एकमेकांकडे बघत नव्हते. कुणी मान राखत नव्हतं. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याची ही शांतता होती. बऱ्याच वेळानं एक पुरुष खालच्या आवाजात, नाइलाजानं म्हणाला, "मंग?"

"मंग काय, भाऊ. मी पाणी पेलो. दार उचललं. अन् चाललो."

दार घरी पोचलं, चौकटीत बसलं. काकाजींनी ते एकदा उघडलं, एकदा लावलं. नाटक संपलं, टाळ्या झाल्या. सचिवांनी पाण्याचा गिलास पुढे केला. काकाजी तो तोंडाला लावणार तेवढ्यात तिसऱ्या ओळीतली एक बाई, मांडीवर पिशवी, बसूनच म्हणाली, "अन् थे बुढी? थे आली का कधी मंग त्या घरी?"

टाळ्या थांबल्या. काकाजींनी गिलास तसाच धरला.

"माहीत नाही, बाई."

"इचारलं नाही?"

"नाही."

"असं कसं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या घरच्या माणसाला बोलावं तसं ती बोलत होती. "पाणी पेले ना तिचं."

काकाजींनी गिलास खाली ठेवला आणि दाराशेजारी, फळ्यांच्या मंचाच्या कडेवर बसले. "खरं आहे," ते म्हणाले. लोक उठायला लागले, सचिवांनी जेवणाची हाक दिली, तरी ते थोडा वेळ तिथंच होते.

परतताना मी टेम्पोत पुढे त्यांच्या शेजारी बसले. सूर्य कपाशीच्या वावरांवर टेकला होता. काकाजींनी मागे दाराची दोरी एकदा पाहून घेतली. मग म्हणाले, "तुह्या बापालेही सुचलं नव्हतं हे."

"नाही."

"मले बी नाही सुचलं. एवढ्या वर्षांत किती दारं उचलले म्या, अन् तिच्याकडे मागं वळून एकदा पाह्यलं नाही." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तिच्या घरी जा लागन त्याले. दार घेऊन नाही. रिकाम्या हातानं."

"अन् गेल्यावर काय म्हणन तो?"

"मले काय माहीत? कराले बसा लागन." ते हाताची बोटं मांडीवर दाबत होते, दार सोडल्यावर दाबतात तशी. "म्हातारीच्या घरच्या दारातून वाका लागत असन त्याले. तिचं दार ठेंगणं असन. वाकून आत जाणारा माणूस कसा दिसते थे पाहा लागन आधी."

बडनेऱ्याच्या पुलाशी टेम्पो थांबला. मी उतरले. काकाजींनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"बाळापूरवाले तारीख मागून राह्यले होते, मी नाही म्हटलं होतं. त्याईले देऊन टाक. सांगजो, शेवट अजून झाला नाही म्हणा. झाला तेवढा करू."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तारीख दिली.